दाराशेजारच्या दोन खुर्च्या

उत्तराकाकूंची जागा ठरलेली. अमेरिकेतल्या कॅरी गावी, शाळेच्या कॅफेटेरियात मंडळाचा गणपती बसला, की दाराशेजारच्या दोन खुर्च्या त्यांच्या आणि विनयच्या. विनय तिशी ओलांडलेला बाप्या, पण त्याची समज लहानपणी थांबली ती थांबलीच. एकदा तो आरतीत ओरडला, तेव्हापासून काकूंनी त्याला बजावून ठेवलं होतं, ओरडलं की घरी जायचं. पुढे बायका साड्या मिरवत खिदळायच्या, आणि काकू इथे गाडीच्या किल्ल्या मुठीत आवळून. जीव नुसता घुसमटायचा हो! पण सांगणार कुणाला?

२००६ साली शॅरन आली. अशा मोठ्या मुलांना चारचौघांत मिसळायला मदत करायची, हीच तिची नोकरी. विनयला ती लायब्ररीत नेई, बोलिंगला नेई. तिनेच टुमणं लावलं, "याला नुसतं बसवू नका, गणपतीत काम द्या."

मंडळाच्या सावनीने प्रसाद वाटायचं काम दिलं. मग शॅरनने त्याच्याकडून घोटून घेतलं. शिरा चमच्याने उचलायचा, समोरच्याकडे बघायचं, "प्रसाद घ्या" म्हणायचं. काकूंना तिने ही तालीम बघायला बोलावलं, पण त्या गेल्या नाहीत. फजिती झालेली बघवली नसती त्यांना.

गणपतीचा दिवस आला, आरती झाली. विनय टेबलामागे उभा राहिला. काकूंना दारातून त्याची पाठ तेवढी दिसत होती.

"प्रसाद घ्या."

एकाने घेतला, दुसऱ्याने घेतला. कॉलेजातला एक पोरगा "थँक्स यार" म्हणून गेला. अगं बाई, जमतंय की याला! पुढून त्यांची मैत्रीण शोभना शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हात थोपटत बोलवत होती. काकूंनी किल्ल्या पर्समध्ये टाकल्या आणि चक्क निघाल्या.

टेबलाजवळून जाताना सहज बघितलं, तर चमचा विनयच्या डाव्या हातात! उजवा हात त्याचा जन्मापासून अधू. प्रसाद डाव्या हाताने देत नाहीत, हे शॅरन बिचारीला काय ठाऊक! आणि समोर कोण, तर मंडळातले सगळ्यात सोवळे मोरेश्वरकाका. काकू तिथूनच ओरडल्या.

"विनय! उजवा हात! उजव्या हाताने दे!"

अख्खा हॉल वळून बघायला लागला.

"अहो, असू दे की वहिनी," मोरेश्वरकाका म्हणाले. ओंजळ त्यांनी तशीच पुढे धरली होती.

विनयने चमचा उजव्या हातात घेतला. त्या हाताला तो पेलला नाही आणि शिरा फरशीवर पडला. विनयने चमचा खाली ठेवला, दाराशी जाऊन आपल्या खुर्चीत बसला आणि बूट चढवायला लागला.

काकू धावत आल्या. "चुकलं रे राजा माझं. चल, दे परत. कुठल्याही हाताने दे."

त्याने मान हलवली. तो रागावला नव्हता, नेम पाळत होता.

"आई, किल्ली काढ," तो म्हणाला. "तू ओरडलीस. ओरडलं की घरी जायचं ना?"