कोरी सोडलेली जागा

कराडच्या एस.टी. स्टँडमागे मराठी टायपिंग करून देणाऱ्या एक बाई होत्या. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. लघुप्रबंध टाइप करून द्यावा लागतो, हेही मला उशिराच कळलं. माझा विषय होता एका जुन्या अमेरिकन नाटकातल्या स्त्रिया.

बाई कागदांत कार्बन घालून कडा टेबलावर आपटायच्या, प्रत्येक वाक्य आधी पुटपुटायच्या. अक्षर लागलं नाही तर तेवढी जागा कोरी सोडायच्या. ती आपण पेनानं भरायची.

प्रबंध द्यायच्या दिवशी एकच जागा कोरी दिसली. तिथं मी नायकाच्या बायकोला ‘दुबळी’ म्हटलं होतं.

“बाई, अक्षर लागलं नाही का?”

“लागलं की. पटलं न्हाई.” त्यांनी चष्मा काढला. “नवरा तसला, पोरगं तसलं. मग त्या नाटकात घर कोण चालवतंय?”

“तीच.”

“मग दुबळी कशी गं? तुला लिवायचं तर लिव. पेन हाय तुझ्याकडं.”

बाकीच्या बऱ्याच मजकुरासारखा तो शब्दही मी एका समीक्षेच्या पुस्तकातून उचलला होता. पाचला कॉलेजचं ऑफिस बंद होणार होतं. मी तिन्ही प्रतींत ‘एकटी’ लिहिलं. बाईंनी वाचलं आणि प्रती बांधून दिल्या.

तोंडी परीक्षेत सरांनी नेमकं त्याच शब्दावर बोट ठेवलं. “हे कुठल्या पुस्तकातलं?”

“पुस्तकातलं नाही, सर.”

बाकीच्या पानांबद्दल त्यांनी तसं विचारलं नाही, म्हणून मी वाचले.