पहिल्या गियरातली सोलं

मायक्रोवेव्ह गियरमध्ये चालवणारा माणूस साऱ्या जगात एकच झाला, आणि तो पोलादपुरात आमच्या समोर राहत होता. सगळे त्यांना चाचा म्हणत. जन्मभर कशेडी घाटात ट्रक चालवल्यामुळे चाचांना प्रत्येक यंत्रात घाट दिसे. शिलाई मशीनसुद्धा ते उताराला हळू घ्यायला सांगत, आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे चाचींनी, "आधी तुम्ही उतरा," म्हटलं की मुकाट्याने बाजूला होत. कुवेतहून मुलाने मायक्रोवेव्ह पाठवला तेव्हा चाचांनी त्याला नव्या गाडीसारखा हार घातला होता. पुढे वर्षभर त्यात फक्त चहा गरम झाला.

मग एका जूनमध्ये चाचींना हृदयाच्या ऑपरेशनसाठी मुंबईला लेकीकडे जावं लागलं. अंगणात त्यांची सोलं, म्हणजे आमसुलं, वाळत होती. रातांब्याची सालं रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, परत बुडवायची, अशी सात पुटं देण्याचा त्यांचा नेम. पाच झाली आणि आभाळ भरून आलं. रिक्षात बसताना चाचींना छातीपेक्षा सोलांचीच काळजी. "दोन पुटं राहिली. तुमच्याच्यानं काय व्हायचं नाय."

चाचांनी ते फार मनाला लावून घेतलं. बरणी भरली नाही तर चाची परत यायच्याच नाहीत, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात बसलं असावं.

रसात बुडवलेली सोलं त्यांनी उन्हाऐवजी मायक्रोवेव्हमध्ये घातली. पहिला घाणा टॉप गियरात, म्हणजे फुल पॉवरवर, गेला. धूर बघून मी धावलो, तर चाचा कोळशाकडे बघत स्टुलावर बसलेले. "ओलं हाय तवर पाण्याचा भार असतो रे. पाणी सरलं नि गाडी पळाली. रिकाम्या गाडीला भरलेल्या गाडीची रेस दिली मी."

त्यानंतर पॉवर निम्मी, सोलं सुकत आली की त्याच्याही खाली. एक मिनिट चालवायचं, मग दार उघडून वाफ जाऊ द्यायची. घाटमाथ्यावर टायर चाचपावेत तसा उलटा हात सोलांवर. "कोमट हाय, चल." "तापलं, थांब." वीज गेली की म्हणत, "घाट बंद." असे आठ दिवस.

दीड महिन्याने चाची परतल्या, वाळलेल्या, हळू चालणाऱ्या. एक सोल त्यांनी जिभेवर ठेवलं. चाचा लायसनच्या परीक्षेला उभे असल्यासारखे.

"थोडी ओली हायत."

"शेवटचं अर्धं मिनिट तुझं ठेवलंय," चाचा म्हणाले. "बटण फिरव गो. पहिल्यातच ठेव."

आता दोघंही मुंबईला लेकीकडे असतात. चाचींना डॉक्टरांपासून लांब ठेवायला चाचा तयार नाहीत. समोरचं दार बंद असतं. त्या वर्षीची चार सोलं माझ्या बरणीत आहेत. सार करताना दरवेळी झाकण उघडतो, उलटा हात लावून बघतो, आणि झाकण परत लावतो. अजून मऊ आहेत.