तीन नंबरचं मशीन

आत्याच्या हॉलमध्ये बसायला खुर्च्या दोन आणि उभे राहणारे तेरा. भिंतीला पाठ टेकून, माना ताठ करून, मागे कापडी पिशव्या लोंबकळत ठेवून ते ओळीने उभे असतात. नवखा माणूस दारातच थबकतो. मग आतोबा त्याला धीर देतात, "या, या. चावत नाहीत. फक्त ओढतात."

हे जुने, उभ्या जातीचे व्हॅक्यूम क्लीनर. ओतीव धातूचं जड डोकं, समोर गाडीसारखा दिवा, छातीपर्यंत येणारा दांडा आणि चालू केलं की टम्म फुगणारी पिशवी. आत्याने एका मोठ्या हॉटेलात तीस वर्षं अशी मशीनं ढकलली आणि पुढे तिसऱ्या मजल्याची प्रमुख झाली. निवृत्त झाली आणि भंगारवाल्यांच्या दुकानांत दिसू लागली.

"अगं, आयुष्यभर ढकललंस ते पुरलं नाही का?" आतोबांनी पहिल्या मशीनच्या वेळी विचारलं होतं.

"तेव्हा नुसतं ढकललं. आत काय चालतं ते नीट बघायला फुरसत कुठे होती?"

तिची एक पद्धत आहे. नवं मशीन आलं की पहिल्या दिवशी त्याला स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही. पिशवीचा वास घ्यायचा, ब्रशचा रूळ बोटाने फिरवायचा, वायर हातावरून सरकवत जायची. दुसऱ्या दिवशी जुनी चादर अंथरायची आणि दांड्यापासून सुरुवात करून एकेक भाग घड्याळाच्या दिशेने मांडत जायचा. स्क्रूसुद्धा ज्या भागाचा त्या भागाशेजारी. पिशवी बादलीत भिजवून सावलीत वाळवायची, उसवली असेल तर त्याच भोकांतून पुन्हा शिवायची. सगळं जोडून झालं की खालच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवायची. त्यावर काय बदललं ते, तारीख आणि सही. ही सवय हॉटेलातली. तिथेही मशीनचे पट्टे ती स्वतः बदलायची, दुसऱ्या कुणावर विश्वास नाही.

हॉटेलात अशी सहा मशीनं होती, मजल्याला एक, दांड्यावर पांढऱ्या रंगात नंबर. हॉटेलने ती मोडीत काढली तेव्हा कोण कुठे गेलं कुणास ठाऊक. त्यातली पाच आत्याने हुडकून आणली. तीन नंबरचं, तिच्याच मजल्याचं, तेवढं सापडत नव्हतं. ओळीत त्याच्यासाठी तिने जागा सोडली होती. तिथे कुणी छत्री ठेवली तरी तिला खपत नसे.

मग हॉटेलच्या जुन्या वॉचमनचा फोन आला. "ताई, तळघर रिकामं करतायत. तुमचं एक लेकरू सापडलंय. तीन नंबर."

टॅक्सीत ते तिच्या मांडीवर होतं. दुसऱ्या दिवशी चादर अंथरली तेव्हा मी समोर बसले होते. आत्या गुणगुणत होती. दांडा झाला, पिशवी झाली. मशीन उलटं करून तिने खालचं झाकण काढलं, आत पाहिलं आणि गुणगुणणं थांबलं.

"काय झालं? मोटर गेलीय?"

"मोटर ठीक आहे."

तिने झाकण चादरीवर ठेवलं. मग मला जवळ बोलावलं. "हा रबरी पट्टा बघ. मोटर फिरते, ती या पट्ट्यामुळे ब्रशला फिरवते. बसवताना पट्ट्याला एक पीळ द्यावा लागतो. कुठल्या बाजूने, ते इथे बाण कोरून दाखवलंय. उलटा पीळ दिला तर ब्रश उलटा फिरतो. दिवा लागतो, आवाज तोच येतो, पण धूळ आत जात नाही. पुढे फेकली जाते."

पट्टा सुकून लाकडासारखा कडक झाला होता. पीळ तसाच होता. बाणाच्या उलटा. झाकणाच्या आत चिठ्ठी होती, पिवळी पडलेली. अक्षर आत्याचं: पट्टा बदलला, तारीख, सही.

मग तिने तुरतुरीची गोष्ट सांगितली. तुरतुरी म्हणजे तिच्या मजल्यावरची सोबतीण. भरभर चालायची म्हणून ते नाव. दोघी रोज एकत्र घरी जायच्या. एकदा मोठे पाहुणे यायचे होते आणि तुरतुरीने तीन नंबरने साफ केलेल्या, मजल्याच्या पुढच्या दालनातल्या गडद गालिच्यावर धुळीच्या रेघा उठल्या. मॅनेजर खवळला. तुरतुरी सांगत राहिली, "साहेब, मशीनच धूळ बाहेर टाकतंय." मॅनेजरने आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "मशीन ठीक आहे. कालच मी पट्टा बदललाय."

तुरतुरीला खाली लाँड्रीत पाठवलं. त्याच आठवड्यात नवी मशीनं आली आणि तीन नंबर कुणीही न उघडता तळघरात गेलं. तुरतुरी अकरा वर्षं लाँड्रीत राहिली, निवृत्त होईपर्यंत. त्या दिवसानंतर ती आत्याबरोबर घरी गेली नाही.

"तुला वाटलं होतं ती खोटं बोलतेय?" मी विचारलं.

"मला वाटलं होतं माझी चूक होऊच शकत नाही."

आतोबा दारात उभे होते. "एवढी जुनी गोष्ट. आता कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना, अहो."

ओळीतली रिकामी जागा समोरच होती. नवा पट्टा घातला असता आणि चिठ्ठी फाडली असती, तर संध्याकाळपर्यंत सहाही पूर्ण झाली असती. आत्याने मशीन जसंच्या तसं जोडलं आणि टॅक्सी बोलवायला सांगितली.

तुरतुरीने दार उघडलं. बारीक बाई, पांढरे केस, पण चाल अजून तीच. तिने आधी आत्याकडे पाहिलं, मग दांड्यावरच्या नंबराकडे.

"याला कशाला आणलंस?"

"तुला आत काय आहे ते दाखवायचंय."

आत्या तिथेच फरशीवर बसली, झाकण काढलं. पट्टा, बाण आणि चिठ्ठी यांवर एकेक बोट ठेवत गेली. मध्ये एकदाही "पण" म्हणाली नाही. शेवटी म्हणाली, "तू खरं सांगत होतीस. चूक माझी होती, आणि साक्षही मीच दिली."

तुरतुरीने चष्मा लावून चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली.

"अकरा वर्षं चादरी," ती म्हणाली. "हात बघ माझे."

आत्याने पाहिले. खाली मान घातली नाही, नीट पाहिले.

"मला आज काही बोलायचं नाही," तुरतुरी म्हणाली. "पण हे इथेच राहू दे."

आत्याने नवा पट्टा पिशवीतून काढून मशीनवर ठेवला. "बसवता येईल तुला?"

"बाण दिसतोय मला."

परत येताना आत्या टॅक्सीत रिकाम्या हातांनी बसली होती. ज्याच्यासाठी इतकी वर्षं भंगार उपसलं ते ती देऊन आली होती. नातेवाइकांत तिच्या नादाची खूप थट्टा होते, मीही केली आहे. त्यानंतर केली नाही.

दीड महिना गेला. तिला तीन नंबरबद्दल विचारायची कुणाची हिंमत नव्हती. आतोबांनी रिकाम्या जागेत छत्री ठेवून पाहिली, ती काही बोलली नाही, तेव्हा त्यांनीच घाबरून उचलली. मग एका दुपारी फोन वाजला. पलीकडे तुरतुरीचा आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू येत होता.

"पट्टा बसवलाय मी. सरळ. पण तुझं हे मशीन खरखर करतंय."

"ब्रशच्या टोकाला तेल हवं असेल," आत्या म्हणाली.

"मग येतेस का? की मशीन ठीक आहे, कालच पट्टा बदललाय?"

आत्याचा हात तेलाच्या डबीकडे गेला. मग म्हणाली, "येते. चहा टाक." तेलाची डबी पिशवीत टाकून ती इतक्या भरभर जिना उतरली की आतोबांनी वरून हाक मारून विचारलं, "आता तुलाच तुरतुरी म्हणायचं का?"