पाजली त्यानं पोचवावं

आमच्या डिंगोऱ्यात जत्रेची एक रीत आहे. ज्याच्या घरी पाहुण्याला पाजली, त्या घरच्यानं त्याला त्याच्या उंबऱ्यापर्यंत पोचवायचं. आमचे मालक एकदा असेच एका सोयऱ्याला पोचवायला गेले. तिथं सोयऱ्यानं त्यांना पाजली. मग रीतीप्रमाणं तो त्यांना पोचवायला इकडं आला. इथं परत बाटली निघाली. दुपारपासून दिवे लागेपर्यंत दोघं बांधावरून येरझाऱ्या घालत होते. शेवटी मी आणि त्याची बायको ओढ्यावर गेलो आणि आपापला माणूस ताब्यात घेतला. माणसं मूर्ख, पण रीत बरी. कुणी कुठं पडून मेलं नाही.

विमानात ही रीत नाही, हे मला माहीत नव्हतं.

मुलगा दुबईला नोकरीला आहे. त्याच्या लेकीच्या बारशाला मी, माझी मुलगी आणि आळ्याचे आमचे जावई, असे तिघं गेलो होतो. जावयांनी गाडी मुंबईच्या विमानतळावर लावून ठेवली होती. परत येताना विमानातल्या पोरीनं त्यांना विचारलं, काय घेणार? त्यांनी सांगितलं, तिनं दिली. ग्लास रिकामा झाला की ती हजर. जावयाला इतक्या आग्रहानं मी कधी पुरणपोळी वाढली नाही. मला वाटलं, एवढी पाजतेय तर पुढची सोयही केली असेल.

सकाळी उतरलो. जावई एका पांढऱ्या गाडीपुढं उभे राहून किल्लीचं बटण दाबत होते आणि ती उघडत नाही म्हणून तिला दम देत होते. आमची गाडी पलीकडच्या रांगेत बिचारी दिवे मिचकावत होती.

घरी जायची वाट माळशेज घाटातून. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. मी त्यांच्या हातातली किल्ली काढून घेतली आणि झंपरात घातली. सासूच्या झंपरात जावयाचा हात जात नाही. असं कुलूप तिजोरीलाही नसतं.

"मामी, किल्ली द्या. मी शुद्धीत हाय."

"ती गाडी कुणाची व्हती मग?"

"आवो, ती वर ढगात घेतलेली. ती तिकडची. हितला कायदा तिला लागत न्हाई."

"दरीला कायदा कळत न्हाई, पावणं."

मुलगी म्हणाली, "आई, दे ना गं. त्यांना सवय हाय."

"कशाची? गाडीची का ह्याची?"

जावयांना राग आला. "माझी काय चूक? मी मागायला गेलो व्हतो का? त्यांनी पाजली. आता त्यांनीच पोचवावं."

जन्मात पहिल्यांदा मला जावयाचं बोलणं पटलं. म्हटलं, चला.

विमानतळाच्या दारावरचा बंदूकवाला जवान म्हणाला, तिकीट दाखवा. आम्ही उतरलेली माणसं, आत जायचं तिकीट कुठून आणणार? त्यानं बाहेरच्या खिडकीकडं बोट केलं. तिथं विमान कंपनीचा टायवाला बसला होता. मी सांगितलं, "तुमच्या पोरीनं ह्यांना पाजलीय. ह्यांना आळ्याला सोडा."

तो म्हणाला, "आजी, प्रवासी विमानातून उतरला की आमची जबाबदारी संपली."

"दारू उतरली न्हाई ना अजून."

त्यानं पार्किंगवाल्याकडं पाठवलं. पार्किंगवाला म्हणाला, आम्ही गाड्या सांभाळतो, चालवणारे नाही. गाडी एकदम शुद्धीत आहे, घेऊन जा. मी परत टायवाल्याकडं आले. त्यानं कंटाळून एक यंत्र पुढं सरकवलं. त्यावर तीन तोंडं होती, एक हसरं, एक मख्ख, एक रडकं. म्हणाला, तक्रार असेल तर रडकं दाबा.

मी बोट उचलायच्या आत जावयांनी हसरं दाबलं.

"आवो, हे काय केलंत?"

"मामी, खोटं कशाला बोलायचं? पोरगी लई चांगली व्हती. मागायच्या आत देत व्हती."

खटला तिथंच संपला. टायवाल्यानं आभार मानले.

गाडी तिथंच ठेवली. टॅक्सीनं कल्याण गाठलं आणि आळेफाट्याची एसटी धरली. जावई माझ्याशी बोलत नव्हते, मुलगी दोघांशीही बोलत नव्हती. मला त्याचं काही वाटलं नाही. रुसलेली मुलगी विधवा मुलीपेक्षा बरी.

घाट लागला आणि दुसऱ्या वळणाला जावई हिरवे पडले. कंडक्टर तरातरा मागं आला.

"ह्या पावण्याबरोबर कोण हाय?"

मुलगी खिडकीबाहेर बघायला लागली. जवान, टायवाला, पार्किंगवाला, कुणीच एसटीत नव्हतं.

"मी हाय," मी म्हटलं.

"मग पिशवी धरा."

सबंध घाटभर मी पिशवी धरून बसले. डोकं वर आलं की जावई म्हणायचे, "मामी, तुमी कशाला, तुमी कशाला?" आणि परत पिशवीत जायचे. सासूपुढं मान खाली घालायची, एवढी रीत मात्र त्यांनी पाळली. ड्रायव्हर शुद्धीत होता. वळणं नीट घेत होता.