हमीदभाईंची पेन्सिल

हमीदभाईंच्या मुलीचा, सनाचा फोन आला तेव्हा मी नवऱ्याचा डबा भरत होते. "आंटी, अब्बा इज नो मोर," एवढंच ती म्हणाली. तिच्याकडून हॉस्पिटलमधल्या ट्रॉलीचा आवाज येत होता, माझ्याकडे कुकरची शिटी झाली. आदल्या दिवशी संध्याकाळीच मी त्यांना भेटून आले होते. नाकात नळी होती, तरी मला पाहून डोळे मिचकावून म्हणाले होते, "काय गो बाय, आज कुठली गादी रिकामी झाली?" मी म्हटलं, "कुठलीच नाही, तुम्ही लवकर बरे व्हा." "मग बरा होतो," म्हणाले. आयुष्यात दिलेला शब्द त्यांनी मोडला तो हा एकच. दुपारच्या नमाजनंतर जेद्दातच दफन झालं. माझा नवरा खांदा द्यायला गेला, मी सनाजवळ बसून राहिले. या गोष्टीला आता सात आठवडे होतील.

हमीद मुकादम मूळचे दापोलीकडच्या खाडीकाठचे. विशीत जेद्दाला आले ते बलदमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या शहरात, हाजी उतरतात त्या एका हॉटेलात कारकून म्हणून. अरबी ते कुठल्या शाळेत शिकले नाहीत. हमाल, अत्तरवाले, हिशेबनीस आणि चुकलेले हाजी यांच्याशी बोलत बोलत शिकले आणि मग अशी शिकले, की अरबांनी त्यांच्याकडून अर्ज लिहून घ्यावेत. तिथून ते अनुवादक झाले आणि शेवटची काही वर्षं आमच्या ऑफिसात होते. आमचं काम साधं: अरबी वर्तमानपत्रं, रेडिओ, इंटरनेटवरचा मजकूर वाचायचा आणि परदेशी कंपन्यांसाठी रोज सकाळी इंग्रजीत गोषवारा काढायचा. हमीदभाईंच्या टेबलाकडे एकच विषय होता. सीरिया-इराकच्या वाळवंटात उगवलेली आणि देशोदेशी शाखा काढून बसलेली एक जिहादी संघटना. तिचा म्होरक्या मारला गेला की पुढचा कोण, हे शोधणं हा त्यांचा खास प्रांत.

मी नाशिकची, राज्यशास्त्रात एम.ए. नवरा पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनिअर म्हणून मी इथे, आणि घरात बसून भिंती मोजायचा कंटाळा म्हणून ऑफिसात. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, की असल्या भयंकर विषयाचा माणूस कपाळावर आठ्या घालून बसलेला असेल. हे गृहस्थ डब्यातलं सांदण नारळाच्या दुधात बुडवून खात होते आणि दोन म्होरक्यांमधली भांडणं अशी सांगत होते, जशी गावच्या खोताच्या वारसांची सांगावीत. पण आवाजात थट्टा असली तरी राग खरा होता. एकदा म्हणाले, "ह्या लोकांनी माझ्या धर्माचं नाव घेतलान आणि खाटीकखाना मांडलान. त्यांच्याबद्दल एक अक्षरही मी चुकीचं लिहिणार नाय. खोटं बोलायचं काम त्यांचं."

त्यांची पद्धत मी अजून पाळते, म्हणून सांगते. म्होरक्या मेला की संघटना आधी गप्प बसते. कधी आठवडे जातात. मग एका ध्वनिफितीत जुना गेला आणि नवा आला, हे एका दमात सांगितलं जातं. नव्याचा चेहरा नसतो, खरं नाव नसतं. असतं ते फक्त घेतलेलं नाव, अबू अमुक, म्हणजे अमुकचा बाप, आणि मागे एखाद्या कबिल्याचं, टोळीचं नाव. त्यानंतर दूरदूरच्या शाखा एकेक करून निष्ठेची शपथ घेतात. हमीदभाईंकडे लाकडी खोक्यात पुठ्ठ्याची कार्डं होती, प्रत्येक गादीला एक. नवं नाव ते पेन्सिलीनं लिहीत. संघटनेचा स्वतःचा आवाज, शाखांची शपथ आणि त्या माणसाला खरोखर ओळखणारा बाहेरचा साक्षीदार, ही तीन जुळली तरच शाई. कित्येक कार्डं वर्षानुवर्षं पेन्सिलीतच राहिली. गिऱ्हाईक कंपन्या वैतागत. हमीदभाई ढिम्म. "गादीवर कोण बसला ते मागाहून कळतं, बाय. आधी बघ, मुजरा करायला कोण आलेला नाय."

हे सगळं मला पाठ होतं. पाठ असणं आणि कळणं यांत फरक असतो, तो मला अबू रय्यानमुळे समजला.

त्या वर्षी हमीदभाई बहिणीच्या आजारपणासाठी दापोलीला गेले होते. टेबल माझ्याकडे होतं, आणि नेमका तेव्हाच म्होरक्या मारला गेला. चार दिवसांत ध्वनिफीत आली. नवा कोण, तर अबू रय्यान, आणि पुढे उत्तरेकडच्या एका मोठ्या टोळीचं नाव. फोनवर फोन सुरू झाले. मला वाटलं, आता दाखवते यांना. इंटरनेट धुंडाळता धुंडाळता उत्तरेकडच्या तबूक शहरातला एक माणूस सापडला. तेच नाव, तीच टोळी, वयही जुळणारं, लांब दाढी, आणि पाच वर्षांपूर्वीपासून फोटो टाकणं बंद. मी आनंदानं ओरडलेच. कार्डावर नाव लिहिलं, गोषवाऱ्याच्या पहिल्या पानावर फोटो लावला आणि खाली 'बहुधा हाच' असं घातलं. त्या 'बहुधा'वर माझी फार भिस्त होती.

तो माणूस तबूकजवळच्या शेतांना पंप आणि ठिबकच्या नळ्या पुरवत होता. तबूकला शेती मोठी. फोटो टाकणं त्यानं बंद केलं होतं, कारण त्याला दुकानातून सवड नव्हती. थोरल्या मुलाचं नाव रय्यान, म्हणून सगळं गाव त्याला अबू रय्यान म्हणे. इथे बापाला मुलाच्या नावानं हाक मारायची रीतच आहे. हमीदभाईंनाही बलदमधले म्हातारे अबू सना म्हणत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. रोज ऐकत होते! दोन दिवसांनी आमची गिऱ्हाईक असलेल्या ज्या शेती कंपनीत तो पंप दुरुस्त करायचा, तिथे फाटकावर त्याचा पास काढून घेतला आणि आमचं पान त्याच्यासमोर धरलं. आठवड्याभरात त्याच्या दुकानाकडे कुणी फिरकेना. त्यानं आमच्या ऑफिसला फोन केला, तो मीच घेतला. तो ओरडला नाही. "मी कुठे जाऊन सांगू, की मी तो नाही?" असं त्यानं विचारलं.

हमीदभाई परत आले. मला वाटलं, झाडतील. त्यांनी खोकं पुढे ओढलं, कार्ड काढलं, उजेडात धरलं. "पेनानं?" एवढंच म्हणाले. खरं सांगते, दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मॅनेजर म्हणाला, आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती छापू आणि खलास. हमीदभाईंचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "चूक पहिल्या पानावर आणि माफी पाचव्या? हा कुठला हिशेब?" तिसऱ्या दिवशी आम्ही तबूकच्या विमानात होतो. निघताना नवरा म्हणाला होता, जपून बोल, तुझा इकामा ऑफिसच्या हातात आहे. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. तो गेला की मला गाशा गुंडाळावा लागला असता. पण विमानात मला भीती वाटत होती ती त्या माणसाच्या चेहऱ्याची.

त्यानं दार उघडलं. पाहुणा दारात आला की शत्रू असला तरी आत घ्यायचा, म्हणून आत घेतलं. मला बायकांकडे नेऊ लागले, तर हमीदभाई म्हणाले, "ही माझ्या टेबलावरची आहे. हिला इथेच बसू द्या, हिनं ऐकायला हवं." कहवा आला, इथली बिनदुधाची कॉफी. मी घाबरून घटाघट पिऊन मोकळी झाले. हमीदभाईंनी आपला पेला घेतला आणि न पिता समोर जमिनीवर ठेवला. खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा त्या पेल्यावर गेल्या. नंतर कळलं, की ही त्यांची जुनी रीत. पाहुणा मागणं घेऊन आला असेल तर पेला खाली ठेवतो आणि यजमानानं मान्य केल्याशिवाय ओठाला लावत नाही. हमीदभाई म्हणाले, "तुमचं नाव माझ्या टेबलावरून गेलं. तपासायचं काम माझं होतं. मी माफी मागायला आलोय."

अबू रय्याननं हातातली कहव्याची किटली खाली ठेवली. मग म्हणाला, "मुलगा झाला तेव्हा मला हे नाव मिळालं. ते त्या लोकांनी चोरलं. चोरीचा माल तुम्ही माझ्या दारात आणून टाकलात." हमीदभाईंनी मान खाली घातली. तो पुढे म्हणाला, "ज्यांनी ज्यांनी ते पान वाचलं, त्या प्रत्येकाला तुम्ही स्वतः सांगा. कागदानं नाही, तोंडानं." "सांगतो," हमीदभाई म्हणाले. "मग कहवा घ्या," तो म्हणाला, "गार होतोय." हमीदभाईंनी पेला उचलला आणि एका घोटात रिकामा केला. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "चूक माझी होती, तुम्ही का घेतलीत?" ते म्हणाले, "मी तुला पेन्सिल दिली. ती कशासाठी, हे कधी नीट सांगितलं नाय. पेन्सिल त्या मेल्यांसाठी नसते गो. त्यांच्या नावाच्या साध्या माणसांसाठी असते." पुढचे नऊ दिवस आम्ही दोघं मिळून प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करत होतो. पहिल्या पानावर दुरुस्ती गेली. अबू रय्यानला पास परत मिळाला. दुकानाला मात्र सावरायला वर्ष लागलं, हे मी विसरलेले नाही. दर खजुराच्या मोसमात त्याच्याकडून हमीदभाईंना एक डबा येई, आणि त्यातले अर्धे खजूर माझ्या टेबलावर.

ते गेल्यावर ऑफिसात गंमतच झाली. म्होरक्यांचे वारस शोधणारी आम्ही माणसं, पण आमच्याच टेबलाचा वारस कोण, हे कुणी बोलेना. मॅनेजर गप्प, दुसऱ्या टेबलावरचे दोघे आशेवर, मी शोकात. मुजरा करायला कोण आलेला नाही, हे मी सवयीनं मोजत होते आणि एकटीच हसत होते. तिसऱ्या आठवड्यात सना ते लाकडी खोकं घेऊन आली. शेवटच्या महिन्यात ते त्यांनी घरी नेलं होतं. "अब्बानं सांगितलं, हे तुम्हालाच द्यायचं," ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. सगळ्यात पुढे माझं ते शाईचं कार्ड होतं, अबू रय्यानचं. त्यांनी फाडलं नव्हतं. त्याच्या मागे एक कार्ड, जे मी कधी पाहिलं नव्हतं. वर आमच्या टेबलाचं नाव. खाली 'हमीद मुकादम', पेन्सिलीनं. त्याखाली माझं नाव. शाईनं.

मी ते कार्ड मॅनेजरला दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या खुर्चीवर जाऊन बसले, झालं.

गेल्या आठवड्यात त्या संघटनेचा आणखी एक म्होरक्या मारला गेला. दोन दिवसांत नवं नाव आलं, पुन्हा कुणाचा तरी बाप. दुपारी एका कंपनीचा साहेब फोनवर चढ्या आवाजात विचारत होता, की हा खरोखर कोण, फोटो कुठे, बाकीच्यांकडे तर आहे. मी हमीदभाईंची पेन्सिल घेतली. ती आता बोटभर उरली आहे. कोऱ्या कार्डावर घेतलेलं नाव लिहिलं, खऱ्या नावाची जागा तशीच ठेवली आणि म्हटलं, "आम्हाला माहीत नाही. कळेल तेव्हा पहिल्यांदा तुम्हालाच सांगू." "तुम्ही तर या विषयातल्या तज्ज्ञ ना?" तो म्हणाला. "हो," मी म्हटलं, "म्हणूनच."