एक आठवडा चीज, एक आठवडा पात

बाजारात माझ्या आईला सगळे तराजू म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. मला विचाराल तर असला तराजू उचलून भिंतीवर आपटावा.

वडील लवकर गेले. मागे राहिला बाजारातला एक गाळा आणि आम्ही तिघं भावंडं: दादा, मधली मी आणि धाकटा. आईने लोकांचे कपडे शिवून आम्हाला वाढवलं. कापड कापताना तिचा हात कधी चुकला नाही, आणि तीच कापाकापी तिने घरात आणली. केक असो, साबणाची वडी असो, पलंगावरची जागा असो, दोन मुलगे म्हणजे दोन वाटे. एकाने कापायचं, दुसऱ्याने आधी उचलायचं. तिसरा वाटा नसायचाच. मी मुलगी, त्यात गुणी. आई तिच्या ताटातलं थोडं मला काढून द्यायची आणि म्हणायची, "तू समजूतदार आहेस." हा शब्द आजही कोणी माझ्यासाठी वापरला की माझं डोकं फिरतं.

पोरं मोठी झाली तेव्हा तिने गाळ्याचेही दोन भाग केले, मध्ये फळी ठोकली. दादाने आपल्या बाजूला दूध, लोणी आणि चीज ठेवलं. धाकट्याने हिरवा भाजीपाला मांडला, आणि त्याची कांद्याची पात इतकी चांगली असायची की लोक लांबून येत. दोघांचं बरं चाललं होतं. पण बरं चाललेलं माणसाला बघवत नाही. एके दिवशी दादाने फळा लावला: शंभर ग्रॅम चीजमध्ये पातीच्या दसपट कॅल्शियम, प्रथिनांची तर बरोबरीच नको. दुसऱ्या दिवशी धाकट्याचा फळा लागला: चीजमध्ये क जीवनसत्त्व शून्य, तंतू शून्य, चरबी मात्र पोटभर. मग ते रोजचंच झालं. गिऱ्हाईकं मजा बघायला थांबायची. अरे, शंभर ग्रॅम पात कोणी एका बैठकीत खातं का? तेवढी पात खायची तर माणसाला दावणीलाच बांधावं लागेल. आणि शंभर ग्रॅम चीज रोज खाणाऱ्याला दादाने आधी डॉक्टरचा पत्ता द्यायला हवा. फळ्यावरचं सगळं खरं होतं आणि सगळं बिनकामाचं होतं. आई दोन्ही फळे वाचायची आणि म्हणायची, "दोघांचंही बरोबर आहे."

आईच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली तेव्हा हे फळायुद्ध घरात शिरलं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून तिला रोज रक्त पातळ करणारी गोळी लागू झाली. रक्त फार पातळ झालं तर कुठूनही वाहायला लागणार, घट्ट झालं तर गुठळी मेंदूत जाणार. मधल्या अरुंद वाटेवर राहायचं, म्हणून वरचेवर रक्ताची तपासणी. आता आई राहणार कुणाकडे? तिने स्वतःलाच मधोमध कापलं. एक आठवडा दादाकडे, एक आठवडा धाकट्याकडे. दादाकडे ती असताना ऑम्लेटमध्ये चीज, सूपवर चीज, पावात चीज. हिरवं पान ताटात दिसायचं नाही, कारण ते धाकट्याचं. धाकट्याकडे पातीचं ऑम्लेट, पातीचं सूप, शिवाय कच्ची पात मीठ लावून. दोघंही आईला खाऊ घालत नव्हते, एकमेकांना हरवत होते.

मी दुसऱ्या गावात शाळेची बस चालवते. सुट्टीत आले ती आईच्या मागे मागे दोन्ही घरांत राहिले. दादाकडे असताना दात घासताना तिच्या हिरड्यांतून रक्त आलं, दंडावर निळे डाग. दादा म्हणाला, "अगं, वय झालं तिचं." धाकट्याकडे गेलो तर डाग विरायला लागले. तपासणीचा आकडा एकदा वर, एकदा खाली. बिचारे डॉक्टर कधी गोळी वाढवत, कधी कमी करत आणि डोकं खाजवत.

मला शंका आली, मी दवाखान्यातल्या सिस्टरना फोन लावला. त्या म्हणाल्या, "हिरव्या पाल्यातलं के जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करतं. पातीत ते भरपूर असतं, चीजमध्ये नावाला. खाऊ नका असं नाही, पण रोज सारखंच खा. हे आम्ही आजींना पहिल्याच दिवशी समजावून सांगितलंय की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई धाकट्याच्या स्वयंपाकघरात पात निवडत बसली होती.

"तुला माहीत होतं?"

"हळू बोल. तो बाहेरच आहे."

"आई, तुला माहीत होतं आणि तू डॉक्टरांना सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? धाकट्याची पात खाऊन माझं बिघडतं म्हणून? दादा ते उद्या फळ्यावर लिहील. धाकट्याचा धंदा बसेल." तिने पातीची मुळं खुडली. "आणि धाकट्याकडे पात बंद केली, तर मी दादाचं ऐकलं असं होईल."

"आणि तू मेलीस तर कुणाचं ऐकलं असं होईल?"

ती हसली. खरंच हसली. पुढच्या तपासणीला सगळं सांगेन, असं म्हणाली. मी विश्वास ठेवला, कारण सुट्टी संपत आली होती.

त्या तपासणीआधीच ती धाकट्याच्या न्हाणीघरात पडली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, उजवा हात उचलेना. गुठळी लहान होती, दवाखान्यात लगेच नेलं, म्हणून वाचली. मी बस दुसऱ्याच्या ताब्यात देऊन धावत आले. डॉक्टर तिच्या पलंगाशी उभे होते, एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला धाकटा. तिथेही बरोबर वाटणी.

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, नीट आठवून सांगा. मुलांकडे आळीपाळीने राहता ना? जेवणात फरक असतो का? पालेभाजी कुठे कमी, कुठे जास्त? हे कळल्याशिवाय मला गोळी ठरवता येणार नाही. यापुढची गुठळी इतकी लहान नसेल."

आईने आधी दादाकडे बघितलं, मग धाकट्याकडे. वाकड्या तोंडाने, एकेक शब्द जुळवत ती म्हणाली, "दोघांकडे... सारखंच... असतं."

आणि ते दोघे ढोरासारखे गप्प उभे! मी बसमध्ये पोरांवर ओरडते, पण त्या दिवशी ओरडले तशी जन्मात ओरडले नव्हते. सगळं सांगितलं. चीजचा आठवडा, पातीचा आठवडा, हिरड्यांतलं रक्त, सिस्टरनी सांगितलेलं. आई डाव्या हाताने मला गप्प बस, गप्प बस म्हणून खुणावत होती.

डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, "पात वाईट नाही आणि चीजही वाईट नाही. एक आठवडा ढीगभर पात आणि एक आठवडा काडीसुद्धा नाही, हे वाईट. दोन्ही घरी दोन्ही थोडं थोडं द्या. रोज तेवढंच."

इतकं सोपं होतं. दादाने धाकट्याकडून मूठभर पात घ्यायची, धाकट्याने दादाकडून चीजचा एक तुकडा. झालं! पण दवाखान्याच्या व्हरांड्यात दादा म्हणाला, "त्याच्या पातीने हे झालं, आणि तीच मी घरात शिजवू?" धाकटा रडत होता, तरी रडता रडता म्हणाला, "चीज माझ्या घरात येणार नाही ताई. लोक काय म्हणतील?" लोक! आत आईचं तोंड वाकडं होऊन पडलंय आणि याला बाजारातले लोक दिसतात!

मी आत गेले. आईला म्हटलं, "तू माझ्याकडे येणार आहेस."

ती म्हणाली, "नको. आहे तसंच... चालू दे."

मी तिचं ऐकलं नाही. दवाखान्यातून सोडलं त्याच दिवशी तिला घेऊन आले. भाऊ आडवे आले नाहीत. आई दुसऱ्या भावाकडे जात नाही एवढं दोघांनाही पुरेसं होतं.

आता माझ्याकडे रोज तिच्या ताटात चीजचा एक तुकडा आणि बारीक चिरलेली थोडी पात असते. आकडा जागेवर आहे. हात बराच सुटला, बोलणंही सुधारलं. पण ते बोलणं फोनवर, भावांशी. जितका वेळ दादाशी, तितकाच धाकट्याशी. माझ्याशी चकार शब्द नाही. तिच्या लेखी मी धाकट्याच्या पातीवर आळ घेतला, दादाला वर चढवलं, तिने आयुष्यभर सांभाळलेलं सगळं एका दिवसात मोडलं. मी कामावरून येते, गरम करते, वाढते, ती भिंतीकडे तोंड करून जेवते. असा राग येतो की ताट हातातून काढून घ्यावं.

परवा तिने ताट बाजूला सारलं.

"किती दिवस ठेवणार आहेस मला इथे?"

"आकडा बरोबर येतोय तोवर."

"म्हणजे मरेपर्यंत."

"हो."

ती माझ्याकडे वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"तुझा वाटा कधी काढला नाही मी. त्याचा सूड उगवतेयस ना?"

मी नाही म्हणणार होते. समजूतदार मुलगी नाहीच म्हणाली असती.

"हो," मी म्हटलं, आणि ताट पुन्हा तिच्यापुढे ढकललं. "खा."