आमचे घरमालक आणि त्यांचे खडे

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेतही जमलं नाही आणि अक्षर तर कोंबडी मातीत फिरून गेल्यासारखं. हे लिहिलेलं कधी कुणाच्या हाती लागलंच तर चुका पोटात घालाव्यात. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून दुपारच्या भाकऱ्या झाल्या की दार लोटून लिहिते. लिहायचं आहे आमच्या घरमालकांबद्दल, कारण त्यांच्यासारखा माणूस सोलापुरात दुसरा झाला नाही आणि होणारही नाही. या गावात गिरण्या पुष्कळ, ऊन त्याहून पुष्कळ, पण दुसऱ्याच्या तोंडाचा वास घेण्यात ज्यानं निम्मा जन्म घालवला असा माणूस एकच, आणि आम्ही त्याच्या चाळीत राहत होतो.

मालक गिरणीत जॉबर होते, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. नोकरी संपली तरी भोंगा त्यांच्या अंगातून गेला नव्हता. संध्याकाळचा भोंगा झाला की चाळीच्या दारात लोखंडी खुर्ची टाकून बसायचे. आत येणाऱ्या प्रत्येक पुरुषानं त्यांच्यापुढं वाकायचं आणि तोंड उघडून "हा" करायचं. वास आला नाही तर मान हलायची. वास आला तर ओरडणं नाही, शिव्या नाहीत. "नळाखाली बस," एवढंच. मग तो गडी कपड्यांसकट नळाखाली बसायचा आणि मालकांचं समाधान होईपर्यंत उठायचा नाही. थंडीच्या दिवसांत चाळीतले निम्मे पुरुष सर्दीनं हैराण असत, आणि सर्दी कशाची हे अख्ख्या गल्लीला माहीत असे. बिचाऱ्यांनी उपायही कमी केले नाहीत. कुणी लवंग चघळली, कुणी पेरूची पानं खाल्ली, कुणी कच्चा कांदा. खालच्या खोलीतल्या सायकलवाल्यानं एकदा तिन्ही केलं. मालक डोळे मिटून म्हणाले, "आदी शिंदी, मग कांदा, मग लवंग. पेरूचं पान वाया घालवलंस बग." सायकलवाला मुकाट्यानं नळाकडे गेला. त्याला राग आला नव्हता, कौतुकच वाटलं होतं.

सकाळी त्याच नळाची चावी मालकांच्या हातात असायची. पाणी सकाळ-संध्याकाळ यायचं, पण सकाळी थोडाच वेळ, आणि बायकांची रांग मोठी. तिथं मालकांचा न्याय असा, की जिचा नवरा काल कोरडा आला, तिची घागर आधी. त्यामुळं दारूबंदीचं निम्मं काम आम्ही बायकाच करायचो. माझ्या नवऱ्याला ओढ होती, पण एकदा सबंध आठवडा ते कोरडे आले आणि सबंध आठवडा माझी घागर पहिली लागली. त्या आठवड्यात मी पाटलीणबाईसारखी चालले असं शेजारणी अजून सांगतात.

स्वतः मालक दारूला शिवले नाहीत, चहासुद्धा त्यांना फार कडक नको. त्यांचं व्यसन जेवण. "पोट रिकामं ऱ्हायलं की दारूला जागा गावती," असं त्यांचं शास्त्र होतं, आणि जागा राहू नये म्हणून ते फार जपायचे. कडक भाकरी, तिच्यावर शेंगांची चटणी, चटणीवर तेलाची धार. भातावर तूप असं, की भात खाली आहे यावर विश्वास ठेवून जेवावं लागे. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखायचं तर म्हणायचे, "वारा धरलाय." आणि वारा हलावा म्हणून वर दोन लाडू.

मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षी कुंभारीला एका लग्नाचं बोलावणं आलं. दोन वर्षं लग्नांतसुद्धा दुष्काळी कामावरची सुकडी खाल्लेली माणसं, त्या दिवशी पंगतीत तूप तांब्यानं वाढत होते. मालकांनी तांब्याला नाही म्हटलं नाही. परत आले ते बैलगाडीतून, पोट धरून, पुढं दुमडलेले. दुखणं बेंबीच्या वरच्या अंगाला, आणि तिथून आरपार पाठीत. उताणं झोपवलं की ओरडत, ओणवं बसवलं की कण्हत. उलट्या थांबेनात. मालकीणबाईंनी हिंग लावला, ओवा दिला, तोही बाहेर आला. शेवटी सायकलवाल्यानं आणि आमच्या ह्यांनी त्यांना टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. मालकीणबाईंच्या सोबतीला मी.

डॉक्टर तरुण होते. पोट दाबून पाहिलं, रक्त तपासायला पाठवलं आणि भरल्या वॉर्डात विचारलं, "काका, दारू किती वर्षं पिताय?"

मालकांना एवढ्या दुखण्यात उठून बसावंसं वाटलं. मालकीणबाईंनी पदर तोंडाला लावला. तेव्हा सायकलवाला पुढं झाला. "सायेब, मालक पीत न्हाईत. मी पितो."

"तुम्हाला काय माहीत? घरात घेत असतील."

"म्हाईत कसं न्हाई? रोज ह्यांच्या तोंडाला तोंड लावून हा करतोय की. माजा वास ह्यास्नी येतो, मग ह्यांचा मला आला नसता व्हय?"

डॉक्टर हसले, पण त्यांनी नीट समजावून सांगितलं. जठराच्या मागं स्वादुपिंड म्हणून एक ग्रंथी असते. जेवण पचवायचा रस ती करते. तीच सुजली की तो रस जेवण सोडून तिलाच पचवायला लागतो. याची मोठी कारणं दोन, एक दारू आणि दुसरं पित्ताच्या पिशवीतले खडे. एखादा खडा घसरून वाटेत अडकला की हे होतं. "सूज उतरली की पोटाचा एक्स-रे फोटो काढू, म्हणजे कळेल. तोवर तोंडानं काही नाही. पाण्याचा घोटसुद्धा नाही."

ज्यानं पोटात जागा राहू दिली नाही, त्या माणसाच्या नाकातून पोटात नळी गेली आणि होतं तेही बाहेर काढलं. स्वादुपिंडाला काम नाही दिलं तरच ते निवतं, म्हणे. हातात सलाइन, दुखणं थांबायला इंजेक्शनं. मालकांचे ओठ सुकले तर आम्ही ओल्या कापडानं टिपायचो. पहिल्यांदा वाटलं, माणूस हाती लागत नाही. जरा शुद्धीवर आले तशी मला धीर देणारी एक गोष्ट झाली. नर्सबाईंनी सुई टोचायच्या आधी दंडाला कापूस फिरवला आणि मालकांचं नाक हललं. "बाई, हे काय लावलंसा?"

"स्पिरिट."

"दंड साबनानं धुवा," मालक म्हणाले. मी मालकीणबाईंकडं पाहिलं. आता मरत नाहीत, हे दोघींना एकदमच कळलं.

बरे होऊन घरी आले खरे, पण डॉक्टरचा तो प्रश्न त्यांच्या आधी चाळीत पोचला होता. संध्याकाळी खुर्ची टाकून बसले, अंगात सदरा सैल झालेला. पहिले आत आले आमचे हे, आणि ते कोरडे नव्हते. मालक म्हणाले, "हा कर." हे म्हणाले, "मालक, आदी तुमी करा की."

मी जिन्यात उभी होते. मालक काठीला धरून उठले, माझ्या नवऱ्यापुढं वाकले आणि तोंड उघडून "हा" केलं. मग खुर्ची मिटली आणि आत नेली.

त्यानंतर खुर्ची बाहेर आली नाही. नळाजवळचा दगड संध्याकाळी कोरडा राहू लागला आणि वरच्या मजल्यावर गाणी सुरू झाली. कुणाच्या घरात भांडी आपटली, कुणाच्या घरात बाई. मालक आतून ऐकायचे. मालकीणबाईंनी हाका मारल्या तरी म्हणायचे, "मी कोन हाय सांगनारा? लोकांच्या लेखी मी बी त्यातलाच."

महिन्याभरानं फोटो काढला. पिशवी फोटोत दिसावी म्हणून आदल्या संध्याकाळी गोळ्या गिळायच्या आणि सकाळी उपाशीपोटी जायचं. पित्ताच्या पिशवीत खडे दिसले. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढून टाका, नाहीतर पुन्हा खडा अडकेल आणि तेव्हा काय होईल ते मी सांगू शकत नाही. पण ऑपरेशनलाही पैसे लागणार, आणि मालकांकडचे होते ते आधीच्या दुखण्यात बाहेरून आणलेल्या औषधांना गेले होते, त्याआधीचे चाळीच्या छपराला. पुरुषांनी वर्गणी काढली. सगळ्यांत जास्त सायकलवाल्याची, आणि आमच्या ह्यांनीही मान खाली घालून पैसे दिले. मालकांनी सगळी परत केली. "पिनाऱ्याचा पैसा माज्या पोटात नको." आता आमच्या चाळीत न पिणारा पुरुष धरायचा तर तो एकच, आणि तोच आजारी.

आम्हा बायकांची भिशी होती. दर महिन्याला सगळ्याजणी थोडे थोडे घालायचो आणि जिची चिठ्ठी निघेल तिला सगळी रक्कम. त्या महिन्यात माझी निघाली होती. शिलाईचं मशीन घ्यायचं माझ्या मनात कधीपासून होतं. मालकांसमोर मी आजवर एक अक्षर बोलले नव्हते, "हो" आणि "नाही" सुद्धा पदराआडून. त्या दिवशी पैसे घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिले, आणि शब्द कुठून आले मला अजून माहीत नाही. "मालक, हे बायकांचे पैसे हायत. वास न्हाई. घेऊन बगा."

मालकांनी खरंच नोटा नाकाशी धरल्या. डोळे मिटले. "शेंगांचा येतोय."

"शेंगदान्याच्या डब्यात ठिवले हुते."

नोटांची नीट घडी घातली. मग म्हणाले, "उसने घेतो, पोरी. फुकट न्हाई."

ऑपरेशन झालं. टाके वाळल्यावर टांगा चाळीच्या दारात थांबला, आणि मालक घरात गेले नाहीत. टांग्यातूनच म्हणाले, "खुर्ची आना." मालकीणबाई ओवाळायला भाकरतुकडा घेऊन उभ्या, त्यांनाही थांबवलं. खुर्चीत बसून खिशातून इंजेक्शनची एक रिकामी बाटली काढली. आत हरभऱ्याएवढे, पिवळट-काळे, घासल्यासारखे गुळगुळीत खडे. भोंगा झाला. येणाऱ्या प्रत्येकापुढं बाटली धरायची, खुळखुळ वाजवायची आणि विचारायचं, "काय हाय?"

"खडे, मालक."

"दारू हाय का?"

"न्हाई, मालक."

"मग हा कर."

आमचे हे आले. त्यांनी बाटली पाहिली, मालकांकडं पाहिलं, आणि न सांगताच "हा" केलं. मालक म्हणाले, "नळाखाली बस." जिन्यात उभ्या असलेल्या सगळ्या बायका हसल्या, आणि इतक्या महिन्यांनी नळाचं पाणी माणसाच्या डोक्यावर पडल्याचा आवाज चाळीत झाला. त्या संध्याकाळी नळ बंद करायला फार वेळ लागला. सायकलवाला पाळी येण्याआधीच साबण घेऊन आला होता.

माझे पैसे मालकांनी हप्त्याहप्त्यानं फेडले. महिन्याच्या पहिल्या तारखेला उंबऱ्यावर बसायचे, माझ्याकडून भाडं घ्यायचे, ते उजव्या खिशात ठेवायचे, मग डाव्या खिशातून माझा हप्ता काढून द्यायचे. मी म्हटलं, भाड्यातून वळते करा की. तर म्हणाले, "भाडं भाड्याच्या जागी, उसनं उसन्याच्या जागी. एकात एक घातलं की मानूस बिघडतो." देणंघेणं झालं की जरा बसायचे. बिनतुपाचं वरण कसं लागतं ते सांगायचे, जणू कुणी जवळचं माणूस गेलंय. मीही बोलायची. माहेरचं, मशीनचं, काहीबाही. एवढं मी कुणाशी बोलले नाही.

मग एका पहिल्या तारखेला शेवटचा हप्ता आला. मला मोठ्यानं मोजायला लावलं.

"फिटले?"

"फिटले, मालक."

"समदे?"

"समदे."

मी म्हटलं, चहा टाकते. "आता कशाला," मालक म्हणाले, "हिशोब तर संपला की." पण उंबऱ्यावरून उठले मात्र नाहीत.